उललेल्या टाचा आणि ग्लिसरिनची बाटली

दिवाळी सरली, की नगर जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि माणसांची कातडी उलू लागते. पाथर्डी-शेवगावकडची आणि शेजारच्या बीडची जोडपी कोयता घेऊन फडात उतरतात. पहाटे दवाने ओला झालेला ऊस, दुपारी कोरडे ऊन, पानांच्या कडांची करवतीसारखी धार आणि दिवसभर मातीत रुतलेले पाय. संक्रांत येईपर्यंत तळहात खरखरीत होतात आणि टाचांना नख जाईल एवढ्या भेगा पडतात. हे फक्त ऊसतोड करणाऱ्यांचे नाही. थंडीत चिखलात वाकून कांद्याची रोपे लावणाऱ्या बायका, गोठ्यातले शेणघाण काढून त्याच हातांनी धारा काढणारे दूध उत्पादक, धुणीभांडी करणाऱ्या शहरातल्या मावशी, सगळ्यांच्या हातापायांची तीच गत होते.

गावाकडे याला जळवात म्हणतात. नाव आजाराचे असले, तरी तो घेऊन दवाखान्यात जाण्याची रीत नाही. भेगेत मेणबत्तीचे मेण वितळवून भरायचे, कोकमतेलाचा गोळा कढईत पातळ करून लावायचा, नाहीतर दुकानातला झटपट चिकटणारा गोंद ओतून भेग बुजवायची. शेवटचा उपाय ऐकून शहरातल्या वाचकाच्या अंगावर काटा येईल, पण उद्या पहाटे पुन्हा फडात उभे राहायचे असेल, तर माणूस तेवढ्यापुरते बघतो. या उपायांत कोकमतेल चांगले आहे, मेण निरुपयोगी आहे आणि गोंद घातक आहे. या सगळ्यांपेक्षा सरस ठरणारी एक वस्तू औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि तिची शंभर ग्रॅमची बाटली साधारण शंभर रुपयांच्या आतबाहेर येते. ती म्हणजे साधे ग्लिसरिन.

साधे म्हणूनच ते मागे पडले. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत दर दोन वर्षांनी एखादा नवा घटक येतो. कधी केशर, कधी कोरफड, कधी ह्यालुरॉनिक अ‍ॅसिड, कधी चक्क गोगलगायीचा स्राव. ग्लिसरिनचे नाव झळकत नाही. मात्र तीच महागडी बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला, तर बहुतेक वेळा पाण्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ग्लिसरिनच दिसते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि त्याहून कमी असलेले नंतर कोणत्याही क्रमाने. त्यामुळे डब्याच्या पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत असलेला घटक मागच्या यादीत कितव्या जागी आहे, हे पाहणे मोठे बोधप्रद असते. पुष्कळदा तो शेपटाला, सुगंधी द्रव्याच्या शेजारी सापडतो. म्हणजे कातडीला मऊ करण्याचे काम जो करतो, त्याचे नाव मागे आणि पैसे ज्याच्या नावाने घेतले जातात, तो नावापुरता.

ग्लिसरिन शरीराला परके नाही. तेल आणि चरबी यांच्या रेणूचा कणा ग्लिसरिनचाच असतो. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्हचे तेल आणि शिशाचे ऑक्साइड एकत्र तापवताना हा गोड, दाट द्रव प्रथम वेगळा केला. पुढे फ्रान्सच्या शेव्ह्रल यांनी गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले. तेलापासून साबण बनवताना ते आपोआप सुटते. मोठे कारखाने ते साबणातून काढून घेतात आणि वेगळे विकतात. आधी साबणाने हात कोरडे करायचे आणि मग त्याच साबणातून काढलेले ग्लिसरिन बाटलीतून विकत आणून ते मऊ करायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आपल्या त्वचेतही हेच चालू असते. त्वचेवर पाझरणाऱ्या तेलकट स्रावातील चरबीचे विघटन होऊन ग्लिसरिन तयार होते. शिवाय आतल्या थरांतून ते वर पोहोचवण्यासाठी पेशींच्या आवरणात खास दरवाजे आहेत. पेशींतून पाण्याची ने-आण करणाऱ्या अशा प्रथिनांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यातले तिसऱ्या क्रमांकाचे अ‍ॅक्वापोरिन पाण्याबरोबर ग्लिसरिनही जाऊ देते. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नाही, त्यांची कातडी कोरडी राहते, तिची लवचीकता कमी होते आणि जखम उशिरा भरते. अशा उंदरांना ग्लिसरिन दिले, की दोष बऱ्याच अंशी दूर होतो, असे अमेरिकेतील संशोधकांना दिसले. ज्या उंदरांना जन्मतःच तेलग्रंथी नसतात, त्यांच्यातही हाच अनुभव आला. कोरड्या कातडीत नेमके काय कमी पडते, याचे इतके सरळ उत्तर क्वचितच मिळते.

टाचांना आणि तळहातांना तेलग्रंथी नसतातच, हे इथे लक्षात घ्यायला हवे. चेहऱ्याची कातडी स्वतःची थोडीफार काळजी घेते, टाचेला ती सोय नाही. तिथला मृत पेशींचा थर जाड असतो, त्यातले पाणी आटले की तो ताठ होतो आणि वर शरीराचे वजन पडले की तडकतो. उन्हाळ्यात तळ्याच्या तळाची काळी माती भेगाळते, तसाच हा प्रकार आहे.

मात्र ग्लिसरिन हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्वचेला देते, हे जे सर्रास सांगितले जाते, ते नगरच्या हवेत फारसे खरे नाही. ग्लिसरिन किती पाणी धरणार, हे भोवतालच्या हवेवर ठरते. आर्द्रता ऐंशी टक्के असलेल्या मुंबईच्या पावसाळी हवेत उघडे ठेवलेले ग्लिसरिन जवळपास स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषून घेते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारची आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेवढ्या कोरड्या हवेत तेच ग्लिसरिन वजनाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे पाणी धरू शकते. हवेतच ओलावा नाही, तर ते ओढणार कुठून?

म्हणून कोरड्या कातडीवर निर्भेळ ग्लिसरिन चोपडणे ही चूक आहे आणि ती घरोघरी होते. घट्ट ग्लिसरिनला पाण्याची तहान असते. बाहेरून पाणी मिळाले नाही, तर ते कातडीतलेच ओढू पाहते. भेगेत चुरचुरते ते त्यामुळेच. एकदा असा अनुभव आला, की बाटली फडताळात मागे जाते आणि ‘आम्हाला ग्लिसरिन सोसत नाही’ असा निकाल लागतो. दोष ग्लिसरिनचा नसतो. ते पाण्यासकट द्यायचे असते.

एक भाग ग्लिसरिन आणि चार भाग उकळून गार केलेले पाणी, एवढे प्रमाण पुरते. यात ग्लिसरिन सुमारे वीस टक्के होते, बाजारातल्या चांगल्या क्रीमच्या तोडीस तोड. पाय धुऊन, नुसते टिपून, कातडी ओलसर असतानाच ते लावायचे. त्यावर पाच मिनिटांनी व्हॅसलिन किंवा कोकमतेलाचा पातळ हात फिरवायचा. नगरच्या हवेत ही दुसरी पायरी टाळता येत नाही, कारण पाणी धरून ठेवणे हे ग्लिसरिनचे काम असले, तरी झाकण घालणे हे तेलाचे काम आहे. झोपताना जुने सुती मोजे घातले, तर उत्तमच. मिश्रण थोडेच करावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. निर्भेळ ग्लिसरिनमध्ये जंतू वाढत नाहीत, पण पाणी मिसळले की वाढतात. गुलाबपाणी घातले तर वास छान येतो, एवढाच त्याचा उपयोग. लिंबू मात्र अजिबात पिळू नये. आजीच्या बटव्यातला हा सल्ला कितीही प्रेमाचा असला, तरी लिंबाचे आम्ल भेगेत झोंबते आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले, तर काळे डाग उमटू शकतात.

आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. ग्लिसरिन पाणी तर धरतेच, पण पेशींच्या मधला स्निग्ध थर कोरड्या हवेत कडक होऊ देत नाही आणि जुन्या पेशींना जोडून ठेवणारे दुवे सुटायलाही मदत करते. त्यामुळे टाचेवरची जाड खपली हळूहळू आपसूक झडते. वजऱ्याने खसाखसा घासून रक्त काढण्याची गरज उरत नाही.

साखरेच्या जिल्ह्यात ग्लिसरिनची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी उभा राहिला. आज जिल्ह्यातले कारखाने मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल काढतात. यीस्ट जेव्हा साखर आंबवते, तेव्हा अल्कोहोलबरोबर थोडे ग्लिसरिनही तयार होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली आणि तेला-चरबीचा तुटवडा पडला. स्फोटकांसाठी नायट्रोग्लिसरिन हवे, म्हणजे ग्लिसरिन हवेच. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी आंबवणाऱ्या साखरेत सल्फाइट मिसळून यीस्टची वाटच बदलली. अल्कोहोल कमी आणि ग्लिसरिन जास्त. महिन्याला हजार टनांच्या घरात ग्लिसरिन त्यांनी बिटाच्या साखरेपासून काढले. युद्ध संपल्यावर ही पद्धत महाग पडू लागली आणि मागे पडली. बायोडिझेलच्या कारखान्यांतून जोडउत्पादन म्हणून निघणारे ग्लिसरिन इतके आहे, की आज कोणी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. तरी ज्याच्या टाचा फुटतात तो जे पीक तोडतो, त्याच पिकाच्या साखरेतून टाचेचे औषध निघू शकते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

स्वस्त वस्तू वापरा, असे सांगताना महाराष्ट्रात एक गोष्ट विसरून चालत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना उपचार म्हणून तोंडावाटे ग्लिसरिन देण्यात आले होते. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते दिले जाते. त्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. तेही रंगहीन, तेही दाट, तेही गोड. नजरेला आणि जिभेला फरक कळत नाही, मूत्रपिंडाला कळतो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी किती पोखरलेली होती, ते चव्हाट्यावर आले. हे विष तिथेच संपले नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून ते लहान मुलांच्या पोटात गेले. छिंदवाड्याकडची काही मुले उपचारासाठी नागपुरात आणली होती. चाळीस वर्षांत धडा किती शिकला गेला, ते यावरून दिसते.

हे झाले पिण्याचे. कातडीला लावण्याचे काय? धडधाकट कातडीतून हे रसायन फारसे आत जात नाही. पण कातडी फाटलेली असेल, तर हिशेब बदलतो. स्पेनमध्ये १९८५ साली भाजलेल्या रुग्णांना लावलेल्या मलमात हेच रसायन होते आणि त्यांतले पाच जण दगावले. खोल भेगा म्हणजे भाजलेली जखम नव्हे, हे खरे. तरीही आठवडी बाजारात कॅनमधून सुटे विकले जाणारे, रंग-साबणाच्या दुकानातले ग्लिसरिन दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी घेऊ नये. बाटलीवर ग्लिसरिनपुढे ‘आयपी’ ही दोन अक्षरे हवीत. इंडियन फार्माकोपिया या भारतीय औषधसंहितेच्या निकषांनुसार ते बनवले आहे, असा त्यांचा अर्थ. बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादन परवाना क्रमांकही पाहून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. नगरमध्ये उललेल्या कातडीकडे सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि सौंदर्याचा प्रश्न गरिबाला नसतो, असे गृहीत धरले जाते. हे दोन्ही चुकीचे आहे. भेग हे जंतूंसाठी उघडे दार आहे. शेणामातीत वावरणाऱ्या पायाला त्यातून पू होतो, सूज वर चढते, आठवडाभराची मजुरी बुडते. मधुमेह असलेल्याच्या पायात तर संवेदनाच मंदावलेली असते. भेग पडली, चिघळली, हे त्याला वास येईपर्यंत कळत नाही. पाय कापावा लागलेल्या कित्येकांच्या कथेची सुरुवात अशाच एखाद्या क्षुल्लक भेगेने झालेली असते. मधुमेह आता बंगल्यांपुरता उरलेला नाही, हे गावोगावच्या आरोग्य केंद्रांतल्या रांगा सांगतात. तिथे रक्तातली साखर तपासली जाते आणि गोळ्या मिळतात. चप्पल काढायला लावून टाचा किती ठिकाणी पाहिल्या जातात?

ऊसतोड मजुरांच्या आरोग्याची चर्चा गेल्या काही वर्षांत झाली, ती मुख्यतः स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून, आणि ती व्हायलाच हवी होती. त्यापुढे हातापायांच्या भेगा किरकोळ वाटतील. मजुरी, मुकादमाची उचल, कोप्यांवरचे पाणी आणि संडास, हातमोजे, धड पादत्राणे हे प्रश्न आधीचे आहेत, हेही मान्य. ग्लिसरिनची बाटली हातात देऊन बुटांचा विषय टाळता येणार नाही. पण मोठा प्रश्न सुटेपर्यंत लहान प्रश्नाने ताटकळत राहावे, असा काही नियम नाही.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. एका कोयत्यात, म्हणजे जोडप्यात, दोघांनी दिवसातून दोनदा हातापायांना चमचाभर मिश्रण लावले, तर दोघांना मिळून रोज सुमारे पाच ग्रॅम ग्लिसरिन लागते. पाच महिन्यांच्या हंगामात पाऊण किलो. किरकोळ दराने सहा-सातशे रुपये, घाऊक दराने त्याहून बरेच कमी. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे आकडे आता लाखांत बोलले जातात. त्या व्यवहारात ही रक्कम चहापाण्याइतकी आहे.

अडचणी आहेत, त्या कागदावर बसून दिसत नाहीत. चिकट हाताने कोयता धरता येत नाही, निसटला तर बोट जायचे. म्हणून हातांना लावायचे ते काम संपल्यावरच. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणाऱ्याला झोपताना पाय धुऊन पाच मिनिटे थांबा, असे सांगणे सोपे, पाळणे अवघड. कोपीजवळ पाणी नसेल, तर पाय धुणार कशाने? अशा ठिकाणी ग्लिसरिन आधीच मिसळलेले साधे क्रीम डबीतून देणे जास्त सोयीचे पडेल. ते बनवणे हे औषधनिर्माण शिकवणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला जमण्याजोगे काम आहे आणि जिल्ह्यात अशी महाविद्यालये थोडीथोडकी नाहीत. वाटप कोणी करायचे, हा प्रश्न मग उरतो. कारखान्याने की आरोग्य खात्याने, यावर एक हंगाम जाऊ शकतो. ज्याच्यासाठी ऊस तोडला जातो, त्या कारखान्याकडे मजुरांच्या टोळ्यांची यादी असते, त्यांचे फड कुठे चालू आहेत, हे रोज ठाऊक असते. आरोग्य केंद्राकडे ती माहिती नसते. तेव्हा डबी कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत पोहोचावी आणि पायांची तपासणी आरोग्य सेविकेने करावी, ही विभागणी व्यवहारी वाटते.

मधुमेहींसाठी दोन सूचना वेगळ्या द्याव्या लागतील. बोटांच्या बेचक्यात ग्लिसरिन किंवा व्हॅसलिन लावायचे नाही. तिथे ओल राहिली, की बुरशी धरते आणि चिखल्या होतात. आणि भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, भोवती लाली, ऊब किंवा सूज असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवायचा.

अनेक दवाखान्यांच्या ड्रेसिंगच्या टेबलावर ग्लिसरिनची बाटली आजही असते. सलाइनची सुई बसून सुजलेल्या हातावर मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरिनची पट्टी ठेवण्यासाठी ती मागवलेली असते. म्हणजे खरेदी होते, साठा येतो, परिचारिकेला वस्तू ओळखीची आहे. नोव्हेंबरच्या मागणीपत्रात तिचा आकडा वाढवून मागायचा आहे आणि कारणाच्या रकान्यात भेगा असे लिहायचे आहे.